बंबलबीच्या नोंदीला निघण्यापूर्वी

सिॲटल, पोर्टलंड, बॉइसी या बाजूला राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी ज्यांना यंदाच्या उन्हाळ्यात बंबलबीच्या, म्हणजे गुबगुबीत, केसाळ रानमाशीच्या, नोंदणीत उतरायचं आहे, त्यांच्यासाठी ही तयारी लिहून ठेवते आहे. कीटकांच्या संवर्धनासाठी काम करणाऱ्या झर्सीज सोसायटी या संस्थेने राज्यांच्या वन्यजीव खात्यांना सोबत घेऊन २०१८ मध्ये वॉशिंग्टन, ऑरेगन आणि आयडाहोत पॅसिफिक नॉर्थवेस्ट बंबलबी ॲटलस हे काम सुरू केलं. तिन्ही राज्यांचा नकाशा चौकोनांत विभागलेला आहे. एखादा चौकोन आपण दत्तक घ्यायचा आणि उन्हाळ्यात त्यात निदान दोन पाहण्या करायच्या, म्हणजे जाळीने माश्या पकडायच्या, फोटो काढायचे आणि सोडून द्यायच्या. कोणती जात कुठे टिकून आहे, कुठून गेली, कोणत्या फुलांवर जगते, हे त्यातून उलगडतं आणि तिच्यासाठी मेहनत कुठे करायची ते ठरतं.

पहिलं काम चौकोन निवडण्याचं, आणि ते घाईने करू नका. घराजवळचा घ्यावासा वाटेल, पण शहरांभोवती नोंदी आधीच पुष्कळ असतात. कॅस्केड पर्वताच्या पलीकडचे, आयडाहोतले, रस्ता संपल्यावर सुरू होणारे चौकोन रिकामे पडलेले असतात. नाहीतरी आपण सुट्टीत तंबू घेऊन कुठेतरी जातोच; तिथलाच चौकोन घ्या. त्यानंतर चौकोनात फुलं असलेली, साधारण एक हेक्टरची जागा ठरवा आणि ती कुणाची आहे हे निघण्याआधी शोधा. खासगी कुरण असेल तर मालकाची परवानगी हवी. स्टेट पार्क किंवा नॅशनल पार्क असेल तर जाळी वापरायला लेखी परवाना लागू शकतो आणि तो हातात यायला वेळ लागतो, म्हणून वसंत ऋतूतच विचारून ठेवा. ॲटलसचं प्रशिक्षणही तेव्हाच उरकून घ्या आणि बंबलबी वॉच या संकेतस्थळावर खातं उघडा, कारण नोंदी तिथेच जातात.

वसंतात मात्र जाळी बाहेर काढू नका. त्या दिवसांत उडणारी मोठी बंबलबी म्हणजे राणी. जमिनीत एकटीने हिवाळा काढून ती नुकतीच बाहेर आलेली असते, आणि त्या वर्षीची सगळी वसाहत तिच्या एकटीवर उभी राहायची असते. बंबलबीची वसाहत एकाच हंगामाची. शरद ऋतूत जुनी राणी, कामकरी माश्या, नर सगळे मरतात, उरतात फक्त नव्या राण्या. म्हणून पाहणी जून ते ऑगस्टमध्ये, कामकरी माश्या भरपूर असताना करायची. दिवस उबदार, कोरडा आणि कमी वाऱ्याचा हवा. तापमान पंधरा-सोळा अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर थांबा. ऑगस्टमध्ये वणव्यांमुळे जंगलातले रस्ते बंद होतात. निघायच्या आदल्या दिवशी त्या भागाची बातमी बघा आणि दुसरी जागा मनात तयार ठेवा.

आता सामान. लांब दांड्याची, मऊ कापडाची कीटक पकडायची जाळी. झाकणाच्या पारदर्शक डब्या, वीस तरी असाव्यात, कारण एका डबीत एकच माशी ठेवायची. डब्यांवर आकडे घालायला मार्कर. बर्फाची पाकिटं घातलेला छोटा कूलर. सुटा बर्फ असेल तर पिशवीत बांधा, डबीत पाणी शिरता कामा नये. फोन पूर्ण चार्ज केलेला, वर चिकटवायची मॅक्रो भिंग असेल तर उत्तम. चौकोनाचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, डोंगरात नेटवर्क नसतं. वही आणि पेन्सिल. आणि माशीचा फोटो काढायला पांढरा किंवा करडा जाड कागद. बारीक केसांचा रंग त्यावर नीट उठतो.

पकडलेली माशी डबीसकट कूलरमध्ये ठेवायची. थंडाव्याने ती मरेल की काय ही भीती बहुतेकांना वाटते. ती मरत नाही. कूलरमध्ये थोड्या वेळात ती सुस्त होते, तेवढ्यात फोटो काढायचे: वरून पाठ आणि पोटाचे पट्टे, बाजूने, आणि समोरून चेहरा. चेहऱ्याचा फोटो बरेच जण विसरतात आणि मग नोंद अडते. इथे सर्रास दिसणाऱ्या पिवळ्या चेहऱ्याच्या व्होस्नेसेन्स्की जातीची आणि कमी होत चाललेल्या कॅलिजिनोसस जातीची पाठ जवळजवळ सारखी असते. गालाची लांबी आणि पोटाखालचे केस पाहूनच त्या वेगळ्या करता येतात. फोटो झाले की माशीला उन्हात ठेवा. ती अंग थरथरवून गरम होते आणि काही मिनिटांत उडून जाते.

घरी थोडा अभ्यास करून जा. महाराष्ट्रात लाकूड पोखरणारा काळा भुंगा पाहून आपला डोळा तयार झालेला असतो. पण तो कारपेंटर बी, त्याचं पोट गुळगुळीत चमकतं. बंबलबी पोटावरही केसाळ असते. मैदानी महाराष्ट्रात ती नाही, भारतात ती मुख्यत्वे हिमालयात आहे, म्हणून ही ओळख नव्याने करून घ्यावी लागते. बंबलबीसारख्या दिसणाऱ्या काही माश्या खऱ्या मधमाशीवर्गातल्या नसतातच; त्यांना पंखांची एकच जोडी आणि आखूड मिशा असतात. मादीच्या मागच्या पायावर परागाची चपटी, चकचकीत टोपली असते. नराला ती नसते आणि त्याला नांगीही नसते. दुसऱ्याच्या घरट्यात घुसून राहणाऱ्या कोकिळ बंबलबींच्या माद्यांनाही टोपली नसते. ऑक्सिडेंटॅलिस, म्हणजे वेस्टर्न बंबलबी, हिच्यावर विशेष लक्ष ठेवा. १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ती किनाऱ्याकडच्या सखल भागात नेहमीची होती. आज ती बहुतेक डोंगरांत उरली आहे. शेपटीकडचे पांढरे केस ही तिची खूण.

प्रत्यक्ष पाहणी पंचेचाळीस मिनिटांची. दोघांकडे जाळ्या असतील तर साडेबावीस मिनिटं, तिघांकडे असतील तर पंधरा. माशी डबीत भरताना घड्याळ थांबवायचं. उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले असतील तर घड्याळ आणि वही त्यांच्याकडे सोपवा. डबीचा आकडा आणि फुलाचं नाव सांभाळायला शांत माणूस लागतो. फूल ओळखता आलं नाही तर फुलाचा आणि पानाचा फोटो घ्या, पण माशी कोणत्या फुलावर होती ही नोंद सोडू नका.

यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: एकही बंबलबी दिसली नाही, तरी पाहणी पूर्ण करा आणि तशीच पाठवा. छान माशी दिसली तरच लोक फोटो चढवतात, म्हणून नकाशावर माणसांची वर्दळच उमटते. पंचेचाळीस मिनिटं शोधून शून्य, ही ठरलेल्या श्रमाची नोंद आहे, आणि जात एखाद्या भागातून गेली हे अशा शून्यांवरूनच दाखवता येतं. दक्षिण ऑरेगन आणि उत्तर कॅलिफोर्नियाच्या छोट्या पट्ट्यात राहणारी फ्रँकलिन बंबलबी कीटकशास्त्रज्ञ रॉबिन थॉर्प यांनी २००६ मध्ये माउंट ॲशलंडवर पाहिली. ते त्यानंतरही वर्षानुवर्षं तिला शोधत राहिले, ती पुन्हा दिसली नाही. २०२१ मध्ये अमेरिकेच्या संघराज्य सरकारने तिला संकटग्रस्त जाहीर केलं.

जागेचा तक्ता त्याच दिवशी, तिथेच उभं राहून भरा. कोणती फुलं किती आहेत, उंदरांची बिळं, गवताचे झुबके, पडलेली लाकडं आहेत का, शेजारी शेती किंवा फवारणी आहे का, गुरं चरतात का. बंबलबी बऱ्याचदा उंदरांच्या जुन्या बिळात घर करते, म्हणून हा तक्ता माशीच्या फोटोइतकाच मोलाचा आहे. घरटं सापडलंच तर उकरू नका. लांबून फोटो आणि ठिकाण पुरे.

गांधील किंवा मधमाशी चावून कुणाला श्वास लागला असेल तर त्याने जाळी धरू नये. ॲलर्जीचं इंजेक्शन गटासोबत हवंच. बंबलबीची नांगी तुटत नाही, ती पुन्हा डसू शकते. पूर्ण बाह्या, बंद बूट, भरपूर पाणी. गोचिडी संध्याकाळी अंगावर तपासा.

रात्री फोटो आकड्यांप्रमाणे लावून चढवा, चार दिवसांनी कोणती डबी कुठल्या फुलावरची हे आठवत नाही. जातीबद्दल खात्री नसेल तर अंदाज ठोकू नका, तज्ज्ञ तपासून सांगतात. मग डब्या साबणाच्या पाण्याने धुवा आणि उघड्या ठेवून कोरड्या करा. बंबलबींत रोग पसरतात, आणि एका खोऱ्यातला जंतू आपल्या डबीतून दुसऱ्या खोऱ्यात जायला नको. जाळीही धुवून उन्हात टाका. पुढच्या पाहणीची तारीख काही आठवड्यांनंतरची धरा, तोवर त्या कुरणातली फुलं बदललेली असतील.