लॅपटॉपमध्ये दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम: व्हर्च्युअलबॉक्स वापरताना या चुका टाळा

"उबंटू टाकलं, पण मशीन पार झोपलंय." असा फोन मला महिन्यातून एखादा तरी येतोच. समोर बहुतेक वेळा विंडोज ११ चा, ८ जीबी रॅमचा लॅपटॉप असतो, त्यावर व्हर्च्युअलबॉक्स (चालू सिस्टिमच्या आतच एका खिडकीत दुसरी सिस्टिम चालवणारं सॉफ्टवेअर) आणि त्यात हौसेनं बसवलेलं उबंटू किंवा दुसरं एखादं लिनक्स. सॉफ्टवेअर खराब निघाल्याचं क्वचितच आढळतं. आतलं व्हर्च्युअल मशीन तयार करताना जे चार-पाच पडदे 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत ढकलले, घोळ तिथेच झालेला असतो.

या प्रकारात मूळ सिस्टिमला होस्ट म्हणतात आणि खिडकीत चालणाऱ्या सिस्टिमला गेस्ट. यजमान आणि पाहुणा. हा पाहुणा शिधा घेऊन येत नाही. रॅम, डिस्क, प्रोसेसर, सगळं यजमानाच्या घरातलंच खातो. खालच्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात.

बायोसमधलं बटण

व्हर्च्युअल मशीन सुरू करताच 'व्हीटी-एक्स (प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय) बंद आहे' अशा अर्थाचा लाल एरर संदेश आला, की लोक व्हर्च्युअलबॉक्स काढून पुन्हा टाकतात. त्यानं काहीही होत नाही. आधी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा आणि 'व्हर्च्युअलायझेशन'पुढे काय लिहिलंय ते वाचा. 'डिसेबल्ड' असेल तर ते बायोसमधून, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यातून, चालू करावं लागतं. इंटेलच्या मशीनवर त्याचं नाव सहसा इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी असतं, एएमडीवर एसव्हीएम मोड. एसव्हीएम मोड कधीकधी ओव्हरक्लॉकिंगच्या पानात दडवलेला असतो, त्यामुळे सापडेपर्यंत सगळी पानं चाळा. इंटेलनं ही सोय २००५ मध्ये आणि एएमडीनं २००६ मध्ये आणली, तेव्हा "माझ्या प्रोसेसरमध्ये ते नसेलच" ही शंका आजच्या मशीनबाबत बहुधा फोल असते.

बायोसला हात लावण्याआधी एक काम करा. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं आणि बायोसमध्ये भलतंच काही बदललं गेलं तर पुढच्या वेळी विंडोज रिकव्हरी की मागतं. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे ना, हे आधी बघून वहीत उतरवून ठेवा.

हिरवं कासव

ही चूक सगळ्यात जास्त छळते, कारण ती चूक म्हणून दिसतच नाही. मशीन चालू होतं, पण माऊस अडखळतो, मेन्यू उघडायला वेळ लागतो. अशा वेळी व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीच्या तळाशी उजवीकडे छोट्या चित्रांची रांग असते, ती बघा. तिथे हिरवं कासव दिसत असेल तर निदान झालं.

त्याचा अर्थ असा: प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय विंडोजच्या स्वतःच्या हायपर-व्ही यंत्रणेनं आधीच ताब्यात घेतली आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला तिच्यामार्फत काम करावं लागतंय. "पण मी हायपर-व्ही टाकलंच नाही, माझं तर होम एडिशन आहे," असं लोक म्हणतात. हायपर-व्हीचा मॅनेजर होम एडिशनमध्ये नसतो हे खरं, पण खालची यंत्रणा असते. डब्ल्यूएसएल-२ (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय), व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म किंवा कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी, यांपैकी काहीही चालू असलं तरी ती जागी होते.

इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले हे सगळं सरसकट बंद करायला सांगतात. मला ते पटत नाही. मेमरी इंटिग्रिटी हे संरक्षण आहे. ज्या लॅपटॉपवरून तुम्ही बँकेचे व्यवहार करता त्यावरून ते एका हौसेपायी काढू नका. कासव दिसत असूनही वेग चालण्यासारखा असेल तर राहू द्या. डब्ल्यूएसएल कधीतरी बघायला म्हणून चालू केलं आणि मग विसरलात, अशी गत असेल तर मात्र 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ'मध्ये जाऊन ते आणि व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म बंद करा आणि रीस्टार्ट करा. उलट, फक्त लिनक्सच्या कमांड शिकायच्या असतील तर डब्ल्यूएसएलच ठेवा, व्हर्च्युअलबॉक्सची गरजच नाही.

८ जीबीतले किती द्यायचे?

विंडोज आणि ब्राउझरचे दहा टॅब मिळून ४ जीबी सहज खातात. उरलेल्यातून उबंटू डेस्कटॉपला ४ जीबी दिले की दोघंही उपाशी राहतात, दोघंही डिस्कवर स्वॅप करू लागतात (रॅममध्ये न मावणारं डिस्कवर टाकतात) आणि लॅपटॉपचा पंखा विमानासारखा ओरडतो. ८ जीबीच्या मशीनवर झुबुंटू, लुबुंटू किंवा लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, तिला २ ते ३ जीबी द्या आणि तेवढा वेळ ब्राउझर बंद ठेवा. प्रोसेसरच्या कोअरचंही तसंच. सगळे कोअर पाहुण्याला दिले म्हणजे तो पळेल असं नाही. स्लायडर हिरव्या पट्ट्यातच ठेवा, दोन कोअर पुरतात.

मॅकवाल्यांसाठी एकच गोष्ट: २०२० च्या अखेरीपासूनच्या एम मालिकेतल्या चिपवर पीसीची नेहमीची आयएसओ फाईल (सिस्टिम बसवण्यासाठी उतरवतो ती) या वाटेनं चालत नाही. एआरएम६४ (या चिपचा प्रकार) असं लिहिलेली आयएसओ उतरवा.

'व्हीबॉक्सयूजर' कोण?

व्हर्च्युअलबॉक्स ७ मध्ये आयएसओ निवडली की 'अनअटेंडेड इन्स्टॉलेशन' नावाची सोय पुढे येते. ती नको असं सांगितलं नाहीत तर व्हर्च्युअलबॉक्स परस्पर उबंटू बसवून मोकळं होतं. नंतर लॉगिनला 'व्हीबॉक्सयूजर' हे अनोळखी नाव दिसतं. पासवर्ड असतो 'चेंजमी'. तो कसाबसा सापडला तर 'सुडो' लावलेल्या, म्हणजे ॲडमिनचे अधिकार लागणाऱ्या, कुठल्याही कमांडला 'हा वापरकर्ता सुडोअर्स फाईलमध्ये नाही' असं उत्तर मिळतं, आणि उबंटू २२.०४ वर तर टर्मिनलसुद्धा उघडत नाही. दुरुस्तीचे उपाय आहेत, पण नव्या मशीनवर त्यात संध्याकाळ घालवू नका. मशीन काढून टाका, पुन्हा बनवा, आणि या वेळी 'अनअटेंडेड'चा चौकोन वाचा.

छोटा पडदा, बंद फोल्डर

पडदा पोस्टकार्डाएवढा दिसतोय, कॉपी-पेस्ट होत नाही, या दोन्हींचं औषध गेस्ट ॲडिशन्स, म्हणजे पाहुण्याच्या आत बसवायचे व्हर्च्युअलबॉक्सचे ड्रायव्हर. डिव्हाइसेस मेन्यूतून सीडी आत घालता येते, पण लिनक्समध्ये त्याआधी बिल्ड-इसेन्शियल, डीकेएमएस ही पॅकेजं आणि चालू कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) हेडर बसवलेले हवेत, नाहीतर मॉड्यूल तयारच होत नाहीत. कॉपी-पेस्ट तेवढं केल्यावरही बंदच असतं. शेअर्ड क्लिपबोर्ड 'बायडायरेक्शनल' करा. शेअर्ड फोल्डर दिसतो पण 'परवानगी नाही' म्हणतो? तुमचं नाव 'व्हीबॉक्सएसएफ' गटात घाला आणि लॉगआउट होऊन परत या. हे परत येणं लोक विसरतात.

डिस्क फुगते, आकसत नाही

डायनॅमिक डिस्क ५० जीबीची बनवली तरी तिची फाईल सुरुवातीला लहान असते. पाहुणा जसजसा लिहितो तसतशी ती वाढते. आतल्या फायली पुसल्या तरी ती आपणहून लहान होत नाही. एक दिवस यजमानाचा सी ड्राइव्ह भरतो आणि मशीन मध्येच थांबून राहतं. घाबरू नका, सी ड्राइव्हवर जागा करा आणि मशीन पुढे चालू करा.

याच्या उलटही होतं: व्हर्च्युअल डिस्क ५० ची ८० केली, पण आत ५०च दिसतेय. तुम्ही पेटी मोठी केलीत, आतलं पार्टिशन नाही. ते जीपार्टेड या पार्टिशन बदलण्याच्या टूलनं वेगळं वाढवावं लागतं.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे

हे माझ्या ओळखीच्या एका डीटीपीवाल्या काकांकडे घडलं. त्यांचं जुनं मराठी टायपिंग सॉफ्टवेअर, युनिकोडपूर्व फॉन्ट आणि वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिका, सगळं विंडोज एक्सपीवर. नव्या लॅपटॉपवर त्या फायली उघडल्या की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी रोमन अक्षरांचा चिवडा. म्हणून एक्सपीचं व्हर्च्युअल मशीन करून दिलं. सगळं नीट बसल्यावर मी एक स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची, परत जाता येईल अशी नोंद) घेतला आणि काकांना सांगितलं, दर महिन्याला मशीनच्या फोल्डरमधली व्हीडीआय फाईल, म्हणजे त्याची व्हर्च्युअल डिस्क, बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. चूक माझीच होती.

स्नॅपशॉट घेतला की मूळ व्हीडीआय तिथल्या तिथे गोठते. त्यानंतरचं सगळं लेखन 'स्नॅपशॉट्स' नावाच्या फोल्डरमधल्या वेगळ्या फायलींत जातं. काका महिन्यामागून महिना तीच गोठलेली फाईल कॉपी करत राहिले. लॅपटॉपची डिस्क गेली, मी त्यांची प्रत नव्या मशीनला जोडली, एक्सपी झकास सुरू झालं, फॉन्ट जागेवर होते. आणि पत्रिकांचं फोल्डर रिकामं. मागे जाऊन पाहिलं तर बाहेरच्या डिस्कवरच्या प्रत्येक प्रतीवर 'बदलल्याची तारीख' एकच होती, स्नॅपशॉट घेतला त्या दिवसाची. ती तारीख कुणी वाचलीच नव्हती.

म्हणून: मशीन 'सेव्ह स्टेट' न करता पूर्ण बंद करा आणि मशीनचं अख्खं फोल्डर कॉपी करा, किंवा 'एक्स्पोर्ट अप्लायन्स'नं ओव्हीए फाईल (अख्खं मशीन एकाच फाईलमध्ये) काढा. पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाईल त्यावर मावत नाही, तो आधी एक्सफॅट करून घ्या. आणि जागा मोकळी करायची म्हणून एक्सप्लोररमधून स्नॅपशॉट्स फोल्डर कधीही पुसू नका. व्हर्च्युअलबॉक्समधल्या 'डिलीट'नं आजचं काम जात नाही, ते मूळ फाईलमध्ये मिसळलं जातं. फक्त त्याला वेळ लागतो आणि डिस्कवर मोकळी जागा लागते.

जुनं विंडोज आत ठेवताना

एक्सपीसाठी सेटिंगमधला डिस्कचा कंट्रोलर (डिस्क जोडण्याची पद्धत) जुना आयडीईच राहू द्या. 'साटा वेगवान' म्हणून नंतर बदललात तर एक्सपीकडे ड्रायव्हर नसल्यानं निळा पडदा येतो, ७बी आकड्याचा. सॉफ्टवेअरचं यूएसबी लॉक (डोंगल) दिसत नसेल तर सेटिंगमध्ये यूएसबी ३.० निवडलंय का पाहा. एक्सपीला ते कळत नाही, १.१ किंवा २.० ठेवा. मग त्या लॉकचा यूएसबी फिल्टर बनवा, म्हणजे दर वेळी ते आपोआप पाहुण्याकडे जाईल. व्हर्च्युअलबॉक्स ७ पासून यूएसबी २.० साठी एक्स्टेन्शन पॅक (जादा सोयींचा वेगळा भाग) लागत नाही, आणि दुकानाच्या मशीनवर तो टाकूही नका. त्याचा फुकट परवाना घरगुती आणि शैक्षणिक वापरापुरताच आहे.

एक्सपीचं अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबलं. त्याला इंटरनेट देऊ नका. काकांच्या नव्या मशीनमध्ये नेटवर्कचा 'केबल कनेक्टेड' चौकोन मी रिकामा ठेवला आहे. पत्रिका आत पीडीएफ होते, शेअर्ड फोल्डरमध्ये पडते आणि बाहेरचं विंडोज ती छापतं. एक्सपीच्या घड्याळाशेजारी तेवढी लाल फुली दिसते. सुरुवातीला काका दोनदा विचारायचे, "ही फुली काढू का?"