मोटरसायकल डावीकडे ओढते? मागचं चाक घरीच सरळ केलं (माझा अनुभव)

त्र्यंबक रोडला पन्नासच्या वर गेलं की गाडी डावीकडे ओढायची, मागच्या स्प्रॉकेटचे (चेनच्या दातेरी चकतीचे) दात एकाच बाजूने घासून चकचकीत झालेले. हवा तपासली, पुढचे बेअरिंग बदलले, दोन गॅरेज झाली. पैसे गेले, ओढ तशीच. वैताग आला होता.

घोळ चिमट्यावरच्या (मागचं चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या दांड्यांवरच्या) खुणांचा, ज्या बघून चाक सरळ लावतात. दोन्ही बाजूंच्या खुणा अगदी सारख्या असतीलच असं नाही.

मेन स्टँड, इंजिन बंद. एक्सलचा (चाकाच्या आसाचा) नट आणि ब्रेकच्या टॉर्क पट्टीचा (ब्रेक फिरू न देणाऱ्या पट्टीचा) नट सैल केला. स्टीलच्या टेपने चिमट्याच्या पिव्होट बोल्टच्या (चिमटा ज्यावर वर-खाली हलतो त्या बोल्टच्या) मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत मोजलं: उजवीकडे ४ मिमी जास्त! उजवा अ‍ॅडजस्टर (चाक मागे-पुढे सरकवायचा स्क्रू) पाव-पाव फेरा सैल करत, चाक मागून ढकलत दोन्ही मापं जुळवली. चेनची ढील सगळ्यात ताठ जागी २५ मिमी ठेवली (माझ्या गाडीचं माप, तुमचं मॅन्युअलमध्ये पाहा).

खरी गंमत पुढे. नट आवळताना चाक पुन्हा सरकतं. म्हणून खालच्या चेनमध्ये, स्प्रॉकेटजवळ जाड चिंधी धरून चाक हाताने पुढे फिरवलं, बोटं लांब ठेवून. एक्सल अ‍ॅडजस्टरला घट्ट टेकला, तेव्हाच नट आवळला. पुन्हा मोजलं. मग टॉर्क पट्टी, नवी स्प्लिट पिन, ब्रेक पेडलचं प्ले (ब्रेक लागण्याआधीची पेडलची मोकळी हालचाल).

काल गंगापूर रोडला हँडल सैल धरून पाहिलं, गाडी सरळ.