खाडीकाठी शिकावी जलपरिसंस्थेची परिभाषा
जलजीवनाच्या संज्ञा पाठ करण्याआधी ओहोटीच्या वेळी ठाण्याच्या खाडीकाठी जावे आणि चिखलात न उतरता बांधावरूनच निरीक्षण करावे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात गोडे पाणी मिसळले की निमखारे पाणी तयार होते. प्रथम तिवर या खारफुटीच्या झाडाची, चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली श्वसनमुळे पाहावीत. चिखलात ऑक्सिजन अत्यल्प असल्याने ती तो हवेतून घेतात. मग निवटी हा मासा शोधावा, जो कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून आणि ओलसर त्वचेतून श्वसन करत चिखलावर वावरतो. प्लवक, म्हणजे प्रवाहाबरोबर वाहणारे, बहुतांशी सूक्ष्म जीव, यांच्यासाठी मात्र सूक्ष्मदर्शक हवा, आणि अन्नसाखळीचा अभ्यास त्यांच्यापासूनच सुरू करावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.