मराठी मजकुरासाठी फॉन्टची फाइल कशी पारखावी

दिवाळी अंकाचे किंवा संस्थेच्या स्मरणिकेचे काम अंगावर घेतले की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी फॉन्टने भरलेला पेनड्राइव्ह आणून देतो. त्यातल्या काही फाइलींच्या नावापुढे टीटीएफ असते, काहींच्या पुढे ओटीएफ, आणि एखाद्या जुन्या फोल्डरात पीएफबी व पीएफएम अशा जोडफाइलीही निघतात. यांपैकी मराठीसाठी काय चालेल, हे केवळ या तीन अक्षरांवरून सांगता येत नाही, कारण ती फाइल कशी बांधली आहे एवढेच त्यांतून कळते. मराठी नीट उमटेल की नाही हे दुसऱ्या दोन गोष्टींवर ठरते. फॉन्टमधील अक्षरे कोणत्या संकेतांकांना जोडली आहेत ही पहिली, आणि ज्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर मांडायचा आहे त्याला देवनागरीची जुळणी करता येते का, ही दुसरी.

तरीही फाइलींचे प्रकार थोडक्यात समजून घेतलेले बरे. पीएफबी आणि पीएफएम ही जोडी ॲडोबीच्या पोस्टस्क्रिप्ट टाइप १ या प्रकारची असते. ॲपलने १९९१ मध्ये ट्रूटाइप आणला आणि पुढच्याच वर्षी तो विंडोज ३.१ मध्ये आला. मायक्रोसॉफ्ट आणि ॲडोबी यांनी मिळून १९९६ मध्ये जाहीर केलेल्या ओपनटाइपने दोन्ही परंपरा एका छत्राखाली आणल्या. म्हणूनच ओपनटाइप फॉन्टची फाइल टीटीएफही असू शकते आणि ओटीएफही. दोहोंतला मुख्य फरक अक्षरांच्या कडा कोणत्या प्रकारच्या वक्ररेषांनी काढल्या आहेत एवढाच असतो. विंडोजबरोबर येणारा मंगल हा नावाने टीटीएफ आहे, पण त्याच्या पोटात देवनागरीची जोडाक्षरे घडवणारी ओपनटाइपची कोष्टके आहेत. टीटीएफ म्हणजे जुना आणि ओटीएफ म्हणजे नवा, ही समजूत त्यामुळे सोडून द्यावी.

टाइप १ बाजूला ठेवावा. लिबरऑफिसने ५.३ या आवृत्तीपासून आणि ॲडोबीने जानेवारी २०२३ पासून आपल्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा वापर बंद केला. जुन्या पीडीएफमध्ये अंतर्भूत झालेला टाइप १ अजूनही दिसतो आणि छापताही येतो. ज्यांच्यापाशी जुन्या अंकांच्या मूळ फाइली आहेत, त्यांनी निदान पीडीएफ जपून ठेवावेत.

आता खरी पारख. नवी फाइल उघडून इंग्रजीत दोन शब्द लिहावेत आणि त्यांना तो फॉन्ट लावावा. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरे, अर्धे तुकडे, काने आणि मात्रा उमटल्या, तर तो युनिकोडपूर्व काळातला, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला सगळीकडे एकच संकेतांक देणारी युनिकोड ही पद्धत रुळण्याआधीचा फॉन्ट आहे. कृतिदेव, शिवाजी किंवा डीव्हीबी-टीटी सुरेख हे याच कुळातले. त्या काळी एका फॉन्टमध्ये जेमतेम अडीचशे जागा असत आणि इंग्रजीच्याच जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले जात. प्रत्येक कंपनीने ते आपल्या मर्जीने बसवले, त्यामुळे एका फॉन्टमधला लेख दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की वाचता येत नाही. उलट दिशेने हीच चाचणी घेऊ नये. युनिकोडमधील मराठी मजकुराला असा जुना फॉन्ट लावला तर सॉफ्टवेअर गुपचूप दुसराच फॉन्ट वापरते, फॉन्टच्या खिडकीत मात्र आपण निवडलेलेच नाव दिसत राहते, आणि आपण फसतो.

जुन्या फॉन्टमधला मजकूर हाती आला तर तो परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा, पण नंतर मुद्रितशोधन टाळू नये. जुन्या पद्धतीत अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, म्हणजे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. ‘कि’ लिहिताना आधी क आणि मग वेलांटी, ‘र्क’ लिहिताना आधी र. परिवर्तकाला ही उलटापालट करावी लागते आणि त्याची गफलत बहुधा ‘मूर्तिपूजा’, ‘कार्यकर्त्यांनी’ अशा शब्दांतच होते. शोधन करताना डोळा तिथे ठेवावा.

युनिकोडच्या या क्रमामुळेच दुसरी गोष्ट महत्त्वाची ठरते. खिळ्यांच्या छापखान्यात केस, म्हणजे खिळे ठेवायची खणांची पेटी, कितीही भरलेली असली तरी कोणते खिळे कसे लावायचे हे जुळाऱ्याला ठाऊक असावे लागे. आज फॉन्ट ही केस आहे आणि जुळाऱ्याचे काम सॉफ्टवेअरमधील जुळणीचे इंजिन करते. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी नेणे, रफार डोक्यावर चढवणे, क आणि त यांच्या मधल्या हलन्तावरून फॉन्टमधला ‘क्त’ शोधणे ही त्याची कामे. लिबरऑफिस, क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइड यांत हार्फबझ नावाचे मुक्त इंजिन आहे, विंडोजचे स्वतःचे आहे, ॲपलचे स्वतःचे आहे. या ठिकाणी मराठी सहसा अडत नाही.

अडते ते मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये. पेजमेकर युनिकोड जाणत नाही आणि त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची आहे, तेव्हा नवे काम त्यात सुरू करू नये. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या पॅनेलच्या मेनूतून ‘ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडावा लागतो. तो एकेका परिच्छेदाला लावत बसण्यापेक्षा परिच्छेदाच्या स्टाइलमध्येच ठरवून टाकावा. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसमधील टाइप या भागात ‘शो इंडिक ऑप्शन्स’ सुरू केल्यावर हीच सोय मिळते. कोरलड्रॉमध्ये एक्स६ पासून पुढची आवृत्ती असावी. मोफत सॉफ्टवेअरच हवे असेल तर स्क्रायबसची १.६ ही आवृत्ती घ्यावी. १.४ च्या मालिकेत देवनागरीची जुळणी होत नसे, आणि तिचाच अनुभव घेतलेले लोक अजूनही स्क्रायबसला नावे ठेवतात.

वर्ड आणि लिबरऑफिसमध्ये वेगळीच खोच आहे. दोन्हींत लॅटिन लिपीचा फॉन्ट आणि देवनागरीसारख्या ‘कॉम्प्लेक्स’ लिपींचा फॉन्ट वेगवेगळा ठरवलेला असतो. स्टाइलमध्ये पहिला बदलला आणि दुसरा तसाच राहिला, तर इंग्रजी शब्द बदलतात आणि मराठी ढिम्म हलत नाही. फॉन्ट खराब आहे असे म्हणण्याआधी ही खिडकी पाहावी.

चूक कोणाची हे ओळखण्यासाठी चाचणीच्या शब्दांची एक ओळ जवळ ठेवावी. मी वापरतो ती अशी: हिंदी, शक्ती, श्री, ज्ञान, लक्ष्मी, हृदय, पट्टी, शुद्ध, राष्ट्र, दर्या, दऱ्या, बाळ, ऑगस्ट, ॲप. सगळीकडेच हलन्त सुटे दिसत असतील आणि ‘हिंदी’तली ऱ्हस्व वेलांटी ह च्या नंतर पडत असेल, तर दोष फॉन्टचा नाही, जुळणीचे इंजिन बंद आहे. बाकी सर्व ठीक असून ‘ट्ट’ किंवा ‘द्ध’ एवढेच हलन्त देऊन उमटत असतील, तर फॉन्टमध्ये ती जोडाक्षरे काढलेलीच नाहीत. काही वेळा रेखाटनकाराने ती जाणूनबुजून गाळलेली असतात, आणि मुलांच्या पुस्तकात ते सोयीचेही ठरते. अक्षराच्या जागी रिकामी चौकट दिसली, तर ते चिन्हच फॉन्टमध्ये नाही. ‘ॲ’च्या बाबतीत हे जुन्या फॉन्टमध्ये हमखास घडते, कारण हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. ठिपक्यांचे वर्तुळ दिसले, तर बहुतेक वेळा टंकनाचा क्रम चुकलेला असतो, उदाहरणार्थ व्यंजनाशिवाय आलेला काना किंवा दोनदा पडलेली मात्रा.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ ही जोडी या ओळीत मुद्दाम घेतली आहे. समुद्र आणि डोंगरातल्या दऱ्या यांतला फरक हिंदीपुरता पारखलेला फॉन्ट अनेकदा दाखवत नाही. ‘ऱ्य’ लिहिण्याच्या दोन रीती आहेत. एकीत र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारे जोडचिन्ह येते. दुसरीत नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला ऱ आणि हलन्त येतो. दोन्ही रीती तपासाव्यात, पण लिहिताना दुसरी वापरावी. न दिसणारे चिन्ह एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात मजकूर नेताना गळू शकते, आणि मग ‘आचाऱ्यांना’ जेवायला बोलावण्याऐवजी आपण ‘आचार्यांना’ बोलावून बसतो.

ल आणि श यांचेही पाहावे. मराठीला पाकळीचा ल आणि गाठीचा श हवा असतो, आणि महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालेविषयीच्या निर्णयातही हीच वळणे आहेत. पुष्कळ फॉन्ट मात्र हिंदीची वळणे दाखवतात. चांगल्या ओपनटाइप फॉन्टमध्ये दोन्ही असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे कळले की इंजिन योग्य ते निवडते. त्यासाठी लिबरऑफिसमध्ये परिच्छेदाची भाषा मराठी ठेवावी आणि संकेतस्थळाच्या पानावर भाषेची खूण मराठीची द्यावी. भाषा हिंदी राहिली, तर फॉन्टकडे अक्षरे असूनही ती बाहेर येत नाहीत. टिरो या फॉन्टच्या कर्त्यांनी ही अडचण मराठी, हिंदी आणि संस्कृत यांसाठी वेगळ्या फाइली देऊन सोडवली आहे, आणि छपाईच्या कामात मला तो मार्ग अधिक निर्धोक वाटतो.

व्हेरिएबल फॉन्ट हा २०१६ मध्ये आलेला ओपनटाइपचाच विस्तार. त्यात सडपातळ ते जाडजूड अशी सगळी वजने एकाच फाइलीत असतात. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘बालू २’ हा त्याचा परिचित देवनागरी नमुना. ब्राउझरांत आणि ॲडोबीच्या नव्या आवृत्त्यांत तो चालतो. छपाईला द्यायच्या कामात मात्र प्रत्येक वजनाची सुटी फाइल मिळत असेल तर ती घ्यावी.

संकेतस्थळासाठी डब्ल्यूओएफएफ २ हा प्रकार वापरावा. तो ओपनटाइपच आहे, फक्त आवळून बांधलेला, आणि २०१८ पासून वेबचे अधिकृत मानक आहे. तो संगणकावर बसवून वर्डमध्ये वापरण्यासाठी नसतो. फाइल लहान करण्यासाठी नको ती अक्षरे गाळणारी साधने आहेत, पण देवनागरीत केवळ मुळाक्षरे ठेवून भागत नाही. जोडाक्षरांना स्वतःचा संकेतांक नसतो, म्हणून साधन निष्काळजी असेल तर ती कापली जातात. गाळणी झाल्यावर वरची चाचणीची ओळ पुन्हा लावून पाहावी.

विंडोज १० व त्यापुढे फॉन्ट बसवताना फाइलवर उजवी कळ दाबून ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ हा पर्याय घ्यावा, नाहीतर तो फक्त आपल्या खात्यात बसतो आणि काही जुन्या सॉफ्टवेअरना सापडत नाही. एकाच नावाच्या दोन आवृत्त्या ठेवू नयेत. फाइलचे नाव बदलून उपयोग नसतो, कारण सॉफ्टवेअर फॉन्टच्या आत लिहिलेले नाव वाचते.

छापखान्यात मूळ फाइलबरोबर फॉन्ट पाठवत बसण्यापेक्षा पीडीएफ द्यावा, आणि तो देण्याआधी ॲक्रोबॅट रीडरमध्ये डॉक्युमेंट प्रॉपर्टीज उघडून फॉन्ट्स हे पान पाहावे. प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ असले पाहिजे, म्हणजे तो फॉन्ट पूर्ण किंवा लागेल तेवढा पीडीएफमध्येच अंतर्भूत आहे. जो फॉन्ट आपण वापरलाच नाही त्याचे नाव यादीत दिसले, तर कुठेतरी बदली फॉन्ट शिरला आहे. तो बहुधा पृष्ठक्रमांकात, तळटीपेत किंवा जाहिरातीच्या चौकटीत सापडतो.