मोठी फाइल एका घरातून दुसऱ्या घरी पाठवताना
जुळे सोलापुरातील घरच्या संगणकावरून लग्नाचे 10 जीबीचे चित्रीकरण पुण्यातील मुलीच्या संगणकावर पाठवायचे असेल, तर ईमेल निरुपयोगी ठरतो, कारण जीमेलची मर्यादा 25 एमबी आहे. त्याऐवजी सिंकथिंग हे मोफत सॉफ्टवेअर दोन्हीकडे बसवून एकमेकांचे डिव्हाइस आयडी (सिंकथिंगने प्रत्येक संगणकाला दिलेला वेगळा ओळख-संकेत) नोंदवावेत आणि फोल्डर सामायिक करावे. फाइल कूटबद्ध होऊन (म्हणजे वाटेत इतर कुणाला वाचता येणार नाही अशा रूपात) तुकड्यातुकड्यांनी जाते, आणि मध्येच वीज गेली तरी पोहोचलेले तुकडे पुन्हा पाठवावे लागत नाहीत, हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो. दोन्ही संगणक मात्र एकाच वेळी चालू हवेत. वेळेचा अंदाज पाठवणाऱ्याच्या अपलोड वेगावरून बांधावा: 10 एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) असल्यास सुमारे सव्वादोन तास लागतात. मूळ फोल्डर ‘फक्त पाठवणे’ या प्रकारात ठेवावे, म्हणजे पलीकडे चुकून काही पुसले गेले तरी आपली प्रत शाबूत राहते.