छोट्या फिल्ममध्ये अभिनय करताय? कंटिन्युइटी स्वतःच सांभाळा

कमी बजेटच्या सेटवर कंटिन्युइटी, म्हणजे एका सीनच्या सगळ्या शॉट्समध्ये कपडे, केस, हालचाली सारख्याच राहतायत का, ते बघायला वेगळा माणूस बहुतेक वेळा नसतोच, त्यामुळे ते काम आपलंच समजायचं. टेक ओके झाला की लगेच मोबाईलवर स्वतःचे फोटो काढा, केस, बाह्या किती दुमडल्यात, घड्याळ कुठल्या हातात, सगळं. गिरगावातल्या चाळीत आम्ही चहाचा सीन केला, वाइडमध्ये, म्हणजे लांबून घेतलेल्या शॉटमध्ये, मी 'पण' म्हणताना कप उचलला होता, क्लोजअपला वाक्य संपल्यावर उचलला, दोन्ही शॉट जुळेनात, आणि एडिटला तो माझा सगळ्यात चांगला टेक कापला गेला, अजून जीव हळहळतो. म्हणून कुठल्या शब्दावर हात हलला ते स्क्रिप्टवर पेन्सिलीने लिहायचंच.

साउंड रेकॉर्डिंग चालू झालं की पंखा बंद, मे महिन्यातसुद्धा, आणि शर्ट घामाने भिजतो, तेव्हा एकसारखे दोन शर्ट आधीच मागून घ्या. मधेच लोकल धडधडत गेली तरी कट ऐकू येईपर्यंत थांबू नका, आवाज नंतर डबिंगला घेता येतो. रूम टोनसाठी, म्हणजे खोलीतली नुसती शांतता रेकॉर्ड करायला, ३० सेकंद सगळे गप्प उभे राहतात, तेव्हा चप्पलसुद्धा हलवायची नाही.

आणि पैसे, जेवण, शेवटची लोकल चुकली तर घरी कसं जायचं, हे शूटच्या आधीच व्हॉट्सॲपवर लेखी घ्या.