ईएमटीचा (रुग्णवाहिकेतल्या इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचा) अभ्यास करताय? श्वास न मोजता १८ लिहू नका, आणि अजून काही चुका

पोरांच्या केस शीट तपासायला घेतल्या की दरवेळी तेच, श्वासाच्या रकान्यात १८ नाहीतर २०. दम्याचा पेशंट असो, ताप असो नाहीतर गाडीवरून पडून पाय मोडलेला असो, सगळ्यांचे श्वास १८. पुस्तकात नॉर्मल मिनिटाला १२ ते २० दिलंय आणि ऑक्सिमीटरवर श्वासाचा आकडा येत नाही, मग कोणी मोजतच नाही. ही सवय पहिल्याच महिन्यात मोडा, कारण पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा आधी श्वास वाढतो, बीपी तेव्हा अजून व्यवस्थित असतं. मोजताना पेशंटला सांगू नका, सांगितलं की तो वेगळाच श्वास घ्यायला लागतो. नाडी मोजून झाली की बोटं मनगटावरच ठेवायची, नजर फक्त छातीवर न्यायची, ३० सेकंद मोजून दुप्पट करायचं, श्वास अनियमित वाटला तर पूर्ण मिनिट.

ऑक्सिमीटरवर ९८ दिसलं म्हणजे पेशंट ठीक असं धरू नका. बोटं गार असतील, नेलपेंट असेल तर आकडा चुकतो, म्हणून मशीनवरची नाडी आणि तुम्ही हाताने मोजलेली नाडी जुळतेय का ते आधी बघा, जुळत नसेल तर बोट चोळून गरम करा, दुसरं बोट लावा. आणि थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी लावून झोपलेलं कुटुंब असेल तर तो आकडा विसराच, धुरातल्या विषारी वायूत (कार्बन मोनॉक्साइड) मशीन छान ९८ दाखवतं आणि माणूस आतून गुदमरत असतो.

सीपीआरमध्ये (हृदय बंद पडल्यावर छाती दाबतात त्यात) मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, हे सगळ्यांना पाठ असतं. चूक होते ती छाती परत पूर्ण वर येऊ न देण्यात, दमलं की आपण नकळत छातीवर रेलतो. म्हणून दर २ मिनिटांनी माणूस बदला, "मला जमतंय" म्हणत ओढू नका. अजून एक, मराठीत मोजत असाल तर वीसच्या पुढे "एकवीस, बावीस, एकोणतीस" म्हणता म्हणता लय जाते, त्यापेक्षा एक ते दहा तीनदा म्हणा, तीस होतात.

अंबू बॅगवर (मास्क लावून हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) मात्र जरा थांबून बोलतो, कारण प्रॅक्टिकलला सगळ्यात जास्त पोरं इथेच अडकतात. घाबरलेला हात पूर्ण बॅग दाबतो, तीही भराभर. नाडी आहे पण श्वास नाही अशा मोठ्या माणसाला दर ६ सेकंदांनी एक श्वास, एक सेकंदभर दाबून, छाती उचलताना दिसली की बास. जास्त दिला की हवा पोटात जाते, उलटी होते आणि ती उलटी फुप्फुसात जाते. छाती उचलतच नसेल तर जोर लावू नका. आधी डोकं परत नीट करा, मानेला मार असेल तर फक्त जबडा पुढे घ्या, तोंडात काही आहे का बघा, मग मास्क कुठून गळतोय ते बघा. एकट्याने सील होत नसेल तर एकाने दोन्ही हातांनी मास्क धरायचा आणि दुसऱ्याने बॅग दाबायची, दाढीवाल्या पेशंटला तर सुरुवातीपासूनच असं करा.

ऑक्सिजनचा हिशोब निघायच्या आधी करा. बी टाइप सिलेंडर भरलेला असला तर साधारण १५०० लिटर, मिनिटाला १० लिटरने सोडला तर १५० मिनिटं. आता रत्नागिरीहून घाट चढून कोल्हापूरला पेशंट न्यायचाय, तीन तास तरी धरा, म्हणजे भरलेला एक सिलेंडरसुद्धा पुरत नाही, आणि काटा अर्ध्यावर असेल तर काय ते तुम्हीच मोजा. सिलेंडरची चावी सिलेंडरलाच बांधून ठेवा.

बेशुद्ध पेशंटच्या तोंडाला दारूचा वास आला की "प्यायलाय" म्हणून सोडून देतात. शुगर बघा, कितीही वास येऊ दे, शुगर बघाच. शेतातून आणलेला असेल, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, तोंडातून लाळ गळतेय, तर फवारणीचं औषध डोक्यात आलं पाहिजे. २०१७ ला यवतमाळमध्ये किती शेतकरी आणि मजूर यात गेले ते आठवा. ग्लोव्ह घातल्याशिवाय हात लावू नका, भिजलेले कपडे काढा, गाडीच्या खिडक्या उघडा.

ॲडमिशनच्या वेळची चूक म्हणजे कोर्स केला की १०८ च्या रुग्णवाहिकेवर नोकरी असं गृहीत धरणं. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ मध्ये सुरू झाली ती गाडीत डॉक्टर ठेवून, गुजरात, तेलंगणासारखी नाही, तिकडे गाडीत ईएमटी असतो. म्हणून फी भरायच्या आधी विचारा की कॅज्युअल्टीत (हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात) किती तास, गाडीवर किती तास, आणि आधीच्या बॅचची मुलं आज कुठे काम करतायत, त्यातल्या दोघांना फोन लावून बघा.

आणि वेळा लक्षात राहतील या भरवशावर राहू नका. पेशंट कधी मिळाला, ऑक्सिजन कधी लावला, झटका किती वाजता आला हे कॅज्युअल्टीत डॉक्टर पहिल्यांदा विचारतात आणि तेव्हा काहीच आठवत नाही. चिकटपट्टीचा एक लांब तुकडा पँटवर मांडीला चिकटवा, पेन खिशात ठेवा, त्यावर लिहीत जा, पोचल्यावर ती पट्टी काढून सरळ शीटला लावता येते.